तीन ठिपक्यांखालचं पत्र

हेमकांत पाटील नंदुरबारच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. २००८ साली त्यांनी अहिराणी शब्दांसाठी ईमेलवर एक चर्चागट सुरू केला. पुणे, सुरत, नाशिककडे गेलेली खानदेशी माणसं त्यात आली आणि वाढत वाढत दोनशेच्या घरात पोचली. नव्या सभासदाला सर पहिल्याच दिवशी नियम लिहून पाठवायचे: ज्या ओळीला उत्तर देताय तेवढीच वर ठेवा, बाकीचं पत्र काढून टाका, उत्तर तिच्याखाली लिहा. कुणी आख्खं पत्र शेपटीसारखं लोंबकळत ठेवलं की सर त्याला स्वतंत्र पत्र लिहून समजवायचे. लोक हसायचे आणि तसंच पाठवायचे.

दोन वर्षांपूर्वी गटावर ‘आंडेर’ हा शब्द निघाला. आंडेर म्हणजे मुलगी. हा शब्द आता गाण्यांतच उरलाय की कुणी बोलतंही, असं सरांनी विचारलं. धानोऱ्याची प्रतिभा गिरासे, त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता शिक्षिका. तिनं गटावर न लिहिता एकट्या सरांना लिहिलं:

‘माझी आई अजून बोलते, पण एकीसाठीच. आशाताईनं दुसऱ्या जातीत लग्न केलं तेव्हा बाबांनी तिच्या नावानं अंघोळ केली. बाबा बाजाराला गेले की आई चोरून तिला फोन लावते आणि “मन्ही आंडेर, मन्ही आंडेर” एवढंच म्हणत राहते. सर, हे गटावर नको.’

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच उत्तर लिहायला घेतलं. शब्द जिवंत आहे, गुजरातीत मुलीला म्हणतात त्या दिकरीशी ताडून पाहायला हवा, असं लिहिता लिहिता त्यांना वाटलं, हे सगळ्यांनी वाचायला हवं. प्रतिभाच्या घराबद्दल आपण अक्षरही लिहिलेलं नाही, याची त्यांनी खात्री केली. मग वर गटाचा पत्ता घातला आणि पाठवून दिलं. उत्तराच्या खाली तीन ठिपके दिसत होते. त्या ठिपक्यांत प्रतिभाचं पत्र जसंच्या तसं दुमडलेलं होतं.

पंधरा मिनिटांत नाशिकहून एकाचं उत्तर आलं, ‘फार हृद्य आठवण!’ खाली प्रतिभाचं पूर्ण पत्र. सरांनी घाईनं गटाला लिहिलं, ‘चूक झाली. ते पत्र पुसून टाका. कृपया कोणीही उत्तर देऊ नका.’

‘ठीक आहे सर.’ ‘काळजी नसावी.’ ‘पुसले.’ संध्याकाळपर्यंत अशी अकरा उत्तरं आली. आठांच्या खाली प्रतिभाचं पत्र होतं.

गटात प्रतिभाचा चुलतभाऊ ललित होता. त्यानं ते प्रतिभाच्या घरी वाचून दाखवलं.

सर दुसऱ्याच दिवशी धानोऱ्याला गेले. प्रतिभाचे वडील इंद्रसिंग ओट्यावर बसले होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

“बठा सर, चहा ल्या,” ते म्हणाले.

“चूक माझी आहे. वहिनींवर राग काढू नका.”

“घरनी गोट बठ्ठास्ले सांगी दिधी.” घरची गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली, एवढंच ते म्हणाले. इंद्रसिंगांनी खिशातून बायकोचा, कौसाबाईंचा साधा फोन काढून दाखवला आणि परत ठेवला. आतून कौसाबाई बाहेर आल्या नाहीत. प्रतिभानं कप आणून ठेवला. सरांकडे तिनं पाहिलंही नाही.

त्या आठवड्यात सरांनी गट बंद केला. पण दोनशे घरांतून ते पत्र परत आणणार कसं? घरात पत्नी मीनाबाई म्हणत, “तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?” सरांचं जेवण कमी झालं. त्यांनी प्रतिभाला तीनदा माफीचं पत्र लिहिलं. तिचं एकही उत्तर आलं नाही.

दोन महिन्यांनी त्यांना सुरतेहून फोन आला.

“सर, मी प्रतिभाची बहीण आशा. आईचा फोन बंद आहे. प्रतिभा काही सांगत नाही. तुम्ही धानोऱ्याला जाता ना?”

सरांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. मग तिनं विचारलं, “माय बरी शे ना?”

त्यांना ते माहीत नव्हतं.