वर्नाचं केसाळ कडं

सवत काय नवऱ्यामुळेच येते? वर्नाला ती सत्तरी ओलांडल्यावर आली, आणि आली ती मैत्रिणीमुळे.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगराकडच्या गावात मॅपलची पानं तांबडी व्हायला लागली, की घरोघर पुढच्या दारावर वेलीचं गोल कडं टांगायची रीत. वर्ना आणि समोरची लोरेटा दोघी मिळून करायच्या. लोरेटा गाईगुरांत वाढलेली. रानात शिरून रानद्राक्षाच्या वेली तोडणं, टबात भिजवणं, पिळून कडं वळणं, सगळं तिच्याकडे. वर्ना गिरणीच्या चाळीतली. रानात जायचं म्हटलं की तिचे गुडघे दुखत. बाजारात जाताना मात्र कधी दुखले नाहीत. ती बसल्या जागी पानं खोचायची, गव्हाच्या ओंब्या लावायची, नारिंगी फळांचे घोस अडकवायची. शेवटी रिबिनीचं फूल. त्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. उभी हयात दुकानात रिबिनी मोजण्यात गेलेली. नवरा हार्लन होता तेव्हा म्हणायचा, माझ्या पायाला रिबीन लावलीस तर मीसुद्धा विकला जाईन.

या वर्षी लोरेटाच्या शेजारी जोलीन राहायला आली. चाळिशीची, एकटी, हसरी, मोठ्या गाडीची. आणि एका सकाळी वर्नानं पडद्याआडून पाहिलं, तर लोरेटा त्या गाडीतून उतरत होती, आणि मागे वेलींचे भारे.

फोन आला. "वर्ने, येतेस ना? जोलीनपण आहे."

"मला कामं आहेत."

"कसली?"

"असतात."

फोन ठेवला आणि पुन्हा पडद्यापाशी. समोर लोरेटाच्या व्हरांड्यात दोघी हसत होत्या. वर्नाच्या खुर्चीत जोलीन बसली होती. तीच खुर्ची, उशी वर्नानं शिवलेली! वर्नाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सफरचंदाचा केक भट्टीत करपला, तोही जोलीनच्याच नावावर गेला.

संध्याकाळी लोरेटाच्या दारावर कडं लागलं. पानं होती, घोस होते, रिबीन नव्हती.

"बोडकं!" वर्ना मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं. "नवी फॅशन दिसतेय बाईंची."

दुसऱ्या दिवशी तिनं हार्लनची छाटणीची कात्री घेतली आणि निघाली. चर्चमागच्या रानात एका ओकला मनगटाएवढी जाड वेल बिलगली होती. पानं गळालेली, अंगावर तपकिरी केसांची लव. वरच्या बारीक फांद्याही तशाच. केवढी रुबाबदार! लोरेटाला ही कशी कधी दिसली नाही? फांद्या कापल्या, कवटाळून घरी आणल्या आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर दुपारभर वळत बसली. घाम आला की त्याच हातांनी तोंड पुसत होती.

गर्द जांभळ्या रिबिनीचं फूल बांधून कडं दारावर चढलं, तेव्हा पोस्टमन थांबला. पाद्रीबाईंनी गाडी हळू केली. लोरेटा मात्र आली नाही. आली जोलीन.

"वर्नाबाई, हे तुम्ही एकटीनं केलंत?"

"मग काय, भाड्यानं माणसं आणली?"

"काय सुंदर आहे! आणि हे केस किती मऊ!" जोलीन बोटं फिरवत राहिली.

"त्या केसांमुळेच तर खुललंय. द्राक्षाची वेल कुणीही आणतं."

दोन दिवसांनी वर्ना उठली ती खाजवतच. हातांवर फोड, हनुवटी लाल, एक डोळा मिटलेला. पोटातली जळजळ अंगावर फुटली की काय, असंही तिला वाटून गेलं. पण लोरेटाला फोन? मुळीच नाही. खाज शमावी म्हणून ओट्सच्या पाण्यात हात बुडवून बसली.

दार वाजलं.

"वर्ने, उघड."

"मला बरं नाही."

"जोलीनलापण नाही. तिची बोटं टम्म सुजलीत."

वर्नाच्या जिवाला त्या खाजेतही जरा गारवा वाटला. तिनं दार उघडलं. लोरेटा भांडी घासायचे रबरी मोजे घालून उभी होती. तिनं कड्याला नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं.

"ही कुठून आणलीस?"

"चर्चमागून. रान काय तुझ्या बापाचं आहे?"

"बापाचं असतं तर त्यानं तुला काठीनं हाकललं असतं! झाडावरची केसाळ दोरी लांबूनच बरी, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. खाजवेल आहे ही!"

"तिला पानं कुठे होती ओळखायला?"

"पानं गळली म्हणून खाज गळते का गं?" लोरेटानं कडं उतरवून पिशवीत कोंबलं. "आणि हे जाळू नकोस. धूरसुद्धा सोडत नाही."

रिकाम्या दाराकडे पाहून वर्नाचा बांध फुटला. "वेली तू तोडायचीस म्हणून मला काही माहीत नव्हतं. आता जोलीनसाठी तोड. माझी खुर्चीपण दे तिला. दिलीसच म्हणा!"

लोरेटानं पिशवीला गाठ मारली. "माझी गाडी बंद केलीय डॉक्टरनं. डोळ्यांत मोतीबिंदू. रानात न्यायला कोण होतं मला? तू? तुझे गुडघे?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू फोन आपटलास. बरं, माझं कडं पाहिलंस?"

"रोज पाहते. बोडकं आहे."

"का बोडकं आहे?"

"जोलीनची फॅशन."

"कर्म माझं! अगं, तीच रिबीन बांधत होती, मीच तिचा हात धरला. म्हटलं, ती जागा मोकळी सोड, तिथलं फूल समोरची बांधते. तुझं कडंही वळून ठेवलंय व्हरांड्यात. तेही बोडकंच."

वर्नाचं नाक खाजत होतं, ते तिनं दंडानं चोळलं.

फोड सुकल्यावर ती व्हरांड्यात आपल्या खुर्चीत जाऊन बसली. जोलीन आपणहून पायरीवर बसली, बोटांना गुलाबी लोशन फासून, आणि रिबीन कशी दुमडायची ते पाहत राहिली. "अशी नाही गं, अंगठा आत," वर्ना म्हणाली. दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा स्वतः अंगठा धरून दाखवला.

तिन्ही कड्यांना फुलं बांधून झाली. लोरेटाचं सगळ्यांत डौलदार. जोलीनचं मात्र बोटभर लहान निघालं. रिबीन संपत आली होती, असं वर्नानं सांगितलं. रीळ पिशवीत अर्धं भरलेलं होतं.

लोरेटाला कमी दिसतं, हे एक बरंच झालं.