कोडाचं पुस्तक

लहान मुलांची पुस्तकं विकणाऱ्याला घाम फोडील असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. ताडकळसला त्यांचं खताबियाण्यांचं दुकान. सहा फूट उंची, भरघोस मिशा आणि आवाज असा, की दुकानातून कुणाला हाक मारली तर स्टँडवरचे दोघंतिघं वळून बघतात. साठी उलटेपर्यंत या गृहस्थांनी औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचनांपलीकडे काही वाचलेलं नव्हतं. त्या मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. अशा माणसाच्या दुकानात आज युरियाच्या पोत्यांशेजारी एक लोखंडी कपाट आहे आणि ते पोरांच्या पुस्तकांनी इतकं ठासून भरलंय, की उघडताना समोर उभं राहू नये.

हे सगळं त्यांच्या नातीमुळं झालं. आरोही सात वर्षांची असताना तिला कोड फुटलं. आधी ओठांशी, मग हातांवर पांढरे डाग पसरले. दवाखाने झाले. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला झाड केलं, कारण झाडाचा चेहरा पानांनी झाकता येतो. त्या दिवशी ती थेट दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोरच तिनं विचारलं, "आबा, गोष्टीतल्या एखाद्या तरी पोरीला माझ्यासारखं कोड असतंय का?"

"असतंय की! लय जणींना असतंय," साडू ठोकून मोकळे झाले.

आणि दुसऱ्या दिवशी आपली थाप खरी करायला घराबाहेर पडले. परभणीच्या दुकानात त्यांनी खड्या आवाजात "लेकरांसाठी कोडाचं पुस्तक द्या" म्हणून मागितलं, तर दुकानदारानं शब्दकोड्यांचं काढून दिलं. नांदेडच्या दुकानातल्या पोरानं त्याहून वरताण केली. "आजोबा, इतक्या लहानपणीच कोडिंग शिकवायलाव? भारी!" म्हणत त्यानं कॉम्प्युटरचं जाडजूड पुस्तक पुढं केलं. साडूंनी दोन्ही घेतली. एवढ्या हौसेनं काढून दिलेलं नको कसं म्हणायचं?

मग ते पुस्तकं स्वतःच तपासू लागले. दुकानात स्टूल मागून घ्यायचे, चष्मा चढवायचा आणि पान पान बघायचं. "आवो पाव्हणे," एकदा एका चित्रावर बोट ठेवून ते मला म्हणाले, "ह्यो काळा पोरगा निस्ता तोंडी लावायला हाय. ताट त्या गोऱ्याचंच!" मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं; मला हे कधी दिसलं नव्हतं. एका प्रदर्शनात विक्रेत्या मुलीनं सांगितलं, "काका, हे अगदी सर्वसमावेशक पुस्तक आहे." साडू म्हणाले, "ते असू द्या बाई. ही कुबडीवाली पोरगी झाडावर चढती का खालून टाळ्या वाजवती, तेवढं सांगा." ती बिचारी पुस्तक उघडून बघायला लागली.

नातीसारखी मुलगी काही सापडेना. पण वाटेत जे कोण भेटेल त्याला साडू घरी घेऊन येत. चोरी पकडणारी आंधळी मुलगी आली. शाळाभर खोड्या काढणारी बुरखेवालीची लेक आली. ऊसतोडीच्या फडावर पाचटाच्या कोपीत राहून आकाशातले तारे ओळखणारा मुलगा आला. मग रस्त्यानं जाणाऱ्या पोरांना दुकानातून हाका सुरू झाल्या, "आगं शबाना, तुझ्यावानी एक सापडली बघ!" रविवारी दुपारी गोदामात चादर बांधून सिनेमा दाखवत. एका सिनेमातली सावळी मुलगी शेवटी गोरी झाली, तेव्हा साडूंनी मशीनच बंद केलं, चादरीसमोर उभे राहिले आणि पुढची गोष्ट स्वतः सांगितली. त्यांच्या गोष्टीत ती सावळीच राहिली आणि विमान चालवायला गेली. पोत्यांवर चाळीस पोरं बसली होती. मीही त्यांच्यात बसलो होतो आणि मनातल्या मनात या माणसाला हात जोडत होतो.

कोडाची म्हणून दोन पुस्तकं मिळाली. एकात देवाच्या कृपेनं डाग गेले, दुसऱ्यात सगळे पहिल्या पानापासून रडत होते. साडूंनी ती आरोहीला दाखवलीच नाहीत. मला म्हणाले, "ह्याच्यात पोरगी कुठाय? निस्तं कोडच हाय."

गेल्या हिवाळ्यात कुठल्याशा ओळखीतून एक पार्सल आलं. पुस्तक मल्याळममधलं. हरवलेली शेळी हुडकत डोंगर तुडवणारी मुलगी, आणि प्रत्येक चित्रात तिच्या ओठांशी, हातांवर पांढरे डाग. साडूंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी त्यांनी चष्मा लावला, त्या गोल गोल अक्षरांखालून बोट फिरवलं आणि चित्रं बघत घडाघडा मराठीत वाचायला लागले. आरोही त्यांच्या दंडाला टेकून ऐकत होती. प्रत्येक पान उलटताना ते तिरक्या नजरेनं तिच्याकडे बघत. ती आता काहीतरी बोलेल म्हणून मीही श्वास धरून बसलो होतो. अर्धं पुस्तक झालं. मग एकदम म्हणाली, "आबा, शेळी सापडती का न्हाई?"

एवढंच. साडूंचा तो स्टँडपर्यंत जाणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "सापडती बाई. दम धर," ते कसंबसं म्हणाले आणि पान उलटायचं विसरले.

त्या दिवशी मी एसटीनं सोनपेठला परतलो. माझ्याही वर्गात कोड असलेली एक मुलगी होती. दाराशी एकटी बसायची. तिच्या लाल रिबिनी आठवल्या, सुरेख अक्षर आठवलं, तिची वही हातात घ्यायला मी कसा मागंपुढं करायचो तेही आठवलं. परभणी गेलं, गंगाखेड गेलं, घर आलं. तिचं नाव मात्र आठवलं नाही. अजून आठवत नाही.