दोन बोटं आणि तीन दिवसांचं शिबिर

बाळांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी मला एक लेख पाठवलात. थोर गिटारवादक कसे घडतात, त्यांच्या सवयी कोणत्या, संकटातून ते 'उभारी' कशी घेतात. सोबत तुमचा प्रश्न होता, "आजी, आजोबांनीही असंच केलं का?" लेख मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की काहीतरी माझ्या नजरेतून सुटलं असावं. सुटलं नव्हतं. तेव्हा उत्तर आत्ताच लिहून ठेवते. आजोबा समोर व्हरांड्यात बसले आहेत आणि माझं काही चुकलं तर हटकू शकतात. पुढे कधीतरी त्यांच्यावरही कुणी असाच लेख लिहील, आणि तो खोडायला आम्ही दोघं नसू.

लेखात 'तंत्र' या शब्दाला फार मान आहे. आजोबांचं तंत्र मी जन्मभर स्वयंपाकघरातून ऐकलं. चार सुरांचा एक तुकडा, इतका सावकाश की त्याला संगीत म्हणवत नसे, आणि तोच तीन आठवडे.

"अहो, पाचवा सूर नाहीये का त्यात?" मी विचारायची.

"आधी चौथा तर येऊ दे," ते म्हणायचे.

यात कुणाला ध्यास, तपश्चर्या वगैरे दिसत असेल तर त्याने ते तीन आठवडे ऐकलेले नाहीत.

मग 'उत्स्फूर्त वादन'. ते आजोबा लोणावळ्याच्या एका हॉटेलात शिकले. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार तिथे पाहुण्यांसमोर वाजवायचे. जेवणं झाली की एखादे काका माइक हिसकावून घेत आणि तीन ओळींत चार पट्ट्या बदलत. दर वेळी आजोबा मागून जाऊन ती नवी पट्टी पकडत, ती इतक्या बेमालूमपणे की काकांच्या बायकोला वाटावं, आपला नवरा गातो बरं. लेखात म्हटलंय की उत्स्फूर्तता आत्म्यातून येते. आमच्याकडे ती मुंबईहून गाडी करून यायची आणि चिकी घेऊन परत जायची.

दोन वर्षांपूर्वी आजोबांना अर्धांगाचा झटका आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र कामातून गेली, आणि तारा दाबायचा हात तोच. मग मी सूत्रं हातात घेतली, नापास वर्ग हाती आल्यावर शाळेत घ्यायची तशी. वहीत रकाने आखले. त्यांचे जुने सराव ओळीने लिहून काढले. रोज पाऊण तास, आणि जे जमलं नाही त्यावर लाल फुली. सराव चार बोटांचे होते आणि हात दोन बोटांचा उरला होता, हे माझ्या सुशिक्षित डोक्यात तीन महिन्यांत एकदाही आलं नाही. रोज सकाळी मी त्या माणसाला नापास करत होते. या उत्तरात मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे, म्हणून आपलं नाव आधी घातलं.

तेवढ्यात तुमच्या बाबांनी त्यांचं नाव एका शिबिरात घातलं. वलवणला धरणाजवळच्या बंगल्यात, तीन दिवस. मी सोबतीला. निघताना आजोबा म्हणाले, "तिथंही जमलं नाही तर गिटार देऊन टाकायची. पुरे झाल्या फुल्या." ते गिटारबद्दल थट्टा करत नाहीत.

शिबिराचे गुरू शहरातले, केसांचा अंबाडा घातलेले. वाजवत छान, हे मान्य केलं पाहिजे. वाजवायला लागले की बोटं दिसत नसत आणि बोलायला लागले की थांबत नसत. पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला डोळे मिटून धरणाचं पाणी ऐकायला लावलं. पाणी स्थिर होतं. आम्ही ऐकलं.

तिसऱ्या सकाळी एकेकाने वाजवायचं होतं. आजोबांची पाळी आली तेव्हा गुरूंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "अंकल, तुमचा हात तुम्हाला काही सांगतोय. मौन हेसुद्धा संगीतच आहे. ते स्वीकारा."

"मौन मला नवं नाही," आजोबा म्हणाले. "घरी बायको आहे."

सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. ते खाली मान घालून उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने गिटारच्या खुंट्या पिळत होते.

"अंकल, ट्यूनिंग नंतर करू," गुरू म्हणाले.

बंगल्यात स्वयंपाक करणाऱ्या कार्ल्याच्या मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "आबा, तुमी लावा निवांत," त्या म्हणाल्या. "चहा काय पळून जात न्हाई." मग गुरूंकडे वळून, "ह्यांचं बी ऐका की वाईच. तीन दिस तुमीच बोलताय."

आजोबांनी काही तारा अशा सैल केल्या, की बोट न लावताही सगळ्या मिळून एक भरलेला सूर निघावा. एक बोट आडवं टेकवलं की दुसरा. त्यावर त्यांनी एक संथ गाणं वाजवलं, हॉटेलातले काका ज्याची दर शनिवारी वाट लावत, तेच. मध्ये एकदा अडले. थांबले, मागे गेले, तो तुकडा पुन्हा घेतला आणि शेवटापर्यंत पोचले. गुरूंनी डोळे मिटले होते. मावशींनी चहा वाटायला सुरुवात केली.

परतताना रिक्षात मी विचारलं, "हे सुचलं कधी?"

"हॉटेलात एकदा ऐन कार्यक्रमात तार तुटली होती. उरलेल्या पाच वेगळ्या लावून निभावलं होतं. सरावाच्या पहिल्याच आठवड्यात आठवलं."

"मग तीन महिने बोलला का नाहीत?"

"तुझी वही इतकी नीट होती गं."

आठ दिवसांत त्या वादनाची चित्रफीत गुरूंनी सगळीकडे पाठवली. खाली लिहिलं होतं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली एका ज्येष्ठ शिष्याची झेप.' लेख लिहिणाऱ्याला अशाच चित्रफितींवरून सगळं समजलं असणार.

वेगाने वाजवणं गेलं, ते आता येणार नाही. हॉटेलात डीजे आला. वही मी बंबात घातली. आजोबांना आज दोन बोटांनी सात गाणी वाजवता येतात, आणि आठवं निम्मं बसलं आहे.