साडेसहाचा ट्रॅक्टर

जुनी वस्तू घ्यायला माणूस निघाला की वस्तू मिळायच्या आधी किस्से जमतात. एका उन्हाळ्यात आम्ही तिघांनी जुन्या ट्रॅक्टरच्या शोधात निम्मा हिंगोली जिल्हा पालथा घातला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रहीम मिस्त्री आणि मी. मी शाळेत मास्तर, मला ट्रॅक्टरमधलं काही कळत नव्हतं, पण मोटारसायकल माझी होती.

घाई होती. दादाच्या जोडीतला एक बैल मेला होता. उरलेला एकटा दावणीला ओरडायचा, म्हणून दादाने तोही विकला. हळदीच्या लागवडीला वीस दिवस राहिले होते आणि झाडाखाली ठेवलेलं बेणं कोंब धरू लागलं होतं. रान तयार झालं नाही तर वर्ष गेलं, हे घरात कोणी बोलत नव्हतं.

*

आधी हिंगोलीत शोरूमला गेलो. दादाला लहान ट्रॅक्टर हवा होता, सऱ्यांमधून जाईल असा. सेल्समन त्याला सारखा मोठ्याच ट्रॅक्टरवर बसवत होता.

"हा माझ्या सऱ्यांत बसंल का?" दादाने विचारलं.

"साहेब, सऱ्या मोठ्या करा ना!"

लहान हवाच असेल तर तीन महिने थांबा, असंही तो म्हणाला. हळद थांबणार नव्हती. दादा उतरला आणि आम्ही जुन्याच्या मागे लागलो.

*

वसमतकडचा पहिला ट्रॅक्टर नवरीसारखा रंगवलेला. मीटरवर चालल्याचे तास अगदी थोडे. दादा खूश झाला. मिस्त्री खाली वाकले, क्लचच्या पायडलवर बोट फिरवलं. पायडल घासून गुळगुळीत झालेलं.

"भाऊ, मीटर आज पैदा हुआ," ते म्हणाले, "आणि पायडल म्हातारं होऊन राहिलं."

*

मिस्त्रींचा एक नियम होता. मालकाने दहाला बोलावलं की आपण आठला पोचायचं आणि कोणी काही बोलायच्या आत इंजिनावर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, थंड असताना चालू होत नाही, म्हणून आधीच चालू करून ठेवलंय.

एका गावात हात ठेवला तर चटकाच बसला. ऊन लागलं असेल, असं मालक म्हणाला. ट्रॅक्टर लिंबाच्या दाट सावलीत उभा होता.

"मग थंड होऊ द्या. आमी बसतो," दादा म्हणाला.

आम्ही दोन तास बसलो. चहा आला नाही. मालकाचे तीन भाऊ येऊन आमच्या मोटारसायकलला टेकून उभे राहिले. मी मनात परतीचा रस्ता आठवत होतो. शेवटी मालकाने सेल्फ मारला. एकदा, दोनदा, सात वेळा. मग त्याच तीन भावांनी ट्रॅक्टर ढकलायला घेतला आणि आम्हाला निघायला वाट मिळाली.

*

सिद्धेश्वरच्या बाजूला कालव्याच्या उतारावर दादा स्वतः चालवून बघत होता. मध्येच त्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबेना. खाली पाणी. दादाने स्टिअरिंग मातीच्या ढिगाकडे वळवलं आणि चाक ढिगात रुतलं. मालक धावत गेला, गाडीला काही झालं का विचारत.

"गाडी बरी हाय," दादा उतरत म्हणाला. "नुसता ब्रेक नाही तिला."

हे वहिनीला सांगायचं नाही असं ठरलं. तिने दादाच्या कपड्यांवरची माती पाहिली आणि म्हणाली, "बैल आना."

*

सहा दिवस उरले तेव्हा कळमनुरीच्या बाजारात एकाने पत्ता दिला. आठलाच पोचलो. इंजिन गार. मालक म्हणाला, सकाळी जरा रुसतो, एक दिवस बंद ठेवला की दुसऱ्या दिवशी त्रास देतो. रोज दहा मिनिटं चालू ठेवा.

ऐब स्वतः सांगणारा पहिला माणूस! दादाने तिथेच ट्रॅक्टर घेतला. लागवड वेळेत झाली.

तेव्हापासून काम असो नसो, रोज सकाळी साडेसहाला दादा तो चालू करायचा आणि शेजारी उभा राहून चहा प्यायचा. घरात धूर व्हायचा. चुलीचा काय कमी होता, असं वहिनी रोज म्हणायची.

*

पाचव्या वर्षी पोळ्याच्या आधी दादा गेला. आजाराचं नाव लिहून आता काही होत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनीनेच निरोप पाठवला, की रान बटाईने दिलंय, ट्रॅक्टर विकून टाका. गिऱ्हाईक सेनगावकडचं, दहाला येणार होतं. ट्रॅक्टरला हात लावू नका, असं मी वहिनीला आदल्या दिवशी बजावलं. ती बरं म्हणाली.

ते आठलाच आले. सोबत रहीम मिस्त्री, या वेळी गिऱ्हाइकाच्या बाजूने. माझ्याकडे न बघता त्यांनी बॉनेट उघडलं, तळहात ठेवला आणि लगेच मागे घेतला.

गिऱ्हाइकाने ते पाहिलं. "गुरुजी," तो मला म्हणाला, "तुमी तर शिकलेले मानूस."

मी घराकडे वळून वहिनीला हाक मारली.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. रोजच्यासारखा साडेसहाला मीच चालू केला होता, म्हणाली.

मिस्त्रींनी फडक्याने हात पुसले. मग हळूच म्हणाले, "भाभी, आमी उद्या येतो. तोवर थंड होईल."

वहिनीने ट्रे मडगार्डवर ठेवला.

"उद्या बी गरमच राहील," ती म्हणाली.