पुराच्या रेघेवर आपल्याच मंडळाचे खिळे

मंडळातल्या सगळ्यांनो, आज चिडून लिहितोय.

सकाळी अफझलगंजला मुसी नदीच्या पुलावर गेलो होतो. पुलाच्या टोकाशी एका दगडावर आडवी रेघ कोरलेली आहे. जुन्या पुराचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं. रेघ माझ्या डोक्याच्याही वर आहे.

आज तिच्यावर बॅनर होता. ‘आपल्या शहराचा इतिहास जपूया’, रविवारचं व्याख्यान, आपल्याच मंडळाचं! चार खिळे थेट दगडात मारलेत. एकाने रेघेचाच टवका उडवलाय.

शेजारचा चहावाला म्हणाला, “तुमारेच लोगाँ ठोके, भय्या. मैं नक्को बोला, सुनेच नहीं.”

मी तिथूनच सेक्रेटरी काकांना फोन केला. म्हणाले, “अरे, दगडच आहे तो! तू आधी बारावी पास हो, मग आम्हाला इतिहास शिकव.”

काका, बारावीला मी पुन्हा बसू शकतो. तो टवका परत कोण बसवणार?

बॅनर मी काढून, घडी घालून घरी ठेवलाय. ज्याला हवा असेल त्याने आधी माझ्याबरोबर त्या दगडासमोर येऊन उभं राहावं. कोण येतंय?