रूपालीचा तोंडवळा

चिकलठाण्यात दारोदार पाट्या-वरवंट्यांना टाकी लावून सारजाबाईनं संसार ओढला. घरोघरी मिक्सर आले आणि ते काम आटलं. गेल्या साली तिची एकुलती लेक रूपाली बाळंतपणात गेली, बाळही गेलं. लेकीचे फोटो होते ते जावयाच्या मोबाइलात. त्यानं दुसरं लग्न केलं, नंबर बदलला.

मग सारजाबाईनं जन्मात पहिल्यांदा मूर्ती घडवायला घेतली, मांडीवर बाळ घेतलेली रूपाली. चार महिने ती टाकी-हातोडा घेऊन काळ्या दगडाशी झटली. मूर्ती झाल्यावर सारजाबाईच्या आंधळ्या नवऱ्यानं, बन्सीनं, मूर्तीच्या तोंडावरून हळूहळू हात फिरवला.

"ही आपली रूपाली नाय गं."

"व्हय," सारजाबाई म्हणाली, "मला तिचा तोंडवळाच आठवंना झालाय."

त्यानंतर तिनं टाकी हातात धरली नाही.