दहा दिवस जगवायचं कुत्रं

नव्वद सालानंतरची गोष्ट. पुणतांब्याच्या अलीकडं आमचं गाव. शेजारणीच्या आठ वर्षांच्या मुलीला गल्लीतलं तांबडं कुत्रं पोटरीला चावलं. माणसं काठ्या घेऊन निघाली, तर सरपंच आडवे आले.

"मारायचं न्हाई! दहा दिवस बांधून ठेवायचं. कुत्रं जगलं तर पोरीचा घोर मिटला."

गावाचा नियमच होता तो. आणि बांधायचं कुणी? तर जो त्याला भाकर टाकतो त्यानं.

"ह्याला भाकर कोण टाकतं?" सरपंचांनी विचारलं.

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. आता काय सांगू! उरलंसुरलं टाकत होते खरी, पण म्हणून ते माझं झालं का?

"झालं," सरपंच म्हणाले. "बांधा वैनी, तुमच्या लिंबाला."

मुलीला श्रीरामपूरला दवाखान्यात नेलं. पोटात रोज एक सुई, अशा चौदा. डॉक्टरही म्हणाले, कुत्र्यावर नजर ठेवा, दहा दिवस धड राहिलं तर पुढच्या सुया थांबवू.

मग काय, दिवसातनं पन्नास वेळा मी लिंबाखाली. लाळ गळते का? पाण्याला बिचकतं का? आमचे हे म्हणायचे, "मी तापानं फणफणलो तवा एवढं बघितलं न्हाईस." मला हसू कुठलं यायला!

पाचव्या दिवशी सकाळची भाकर तशीच पडलेली. संध्याकाळचीही. हुंगलं आणि तोंड फिरवलं. आता शेजारणीला सांगू कसं? त्याच दिवशी तिला सांगितलं नाही, ती चूक माझीच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उजाडताच तिच्याकडं जायचं म्हणून दार उघडलं, तर तीच लिंबाखाली! पितळीत दूध-भाकर कुस्करून काठीनं कुत्र्यापुढं सरकवत होती.

"अगं, तू?"

"कालधरनं घालते आक्का, दोन्ही येळंला, तुमच्या भाकरीच्या आधी. तुमी शिळी टाकता. ते उपाशी मेलं म्हंजी?"

"मला सांगायचं तरी! माझा जीव गेला असता. तुला भ्या न्हाई वाटत त्याचं?"

"लई वाटतं."

पुढं आम्ही दोघींनी मिळून खायला घातलं. दहा दिवस भरले, कुत्रं ठणठणीत. डॉक्टरांनी सुया थांबवल्या. मी दोर सोडायला वाकले, तर तिनं माझा हात धरला.

"अजून दोन दिस ऱ्हाऊ द्या आक्का. मोजण्यात आपली चूक झाली असंल तर?"

मी बोटांवर पुन्हा मोजलं. बरोबर होतं. तरी दोर सोडला नाही.